मेंदूतली कृमीची गाठ (न्यूरोसिस्टिसरकोसिस): ठाणे-नवी मुंबईतल्या रुग्णांचे आणि नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धडधाकट माणसाला अचानक फिट येते, सीटी स्कॅन होतो, रिपोर्टवर 'न्यूरोसिस्टिसरकोसिस' असा शब्द येतो आणि त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यातले रुग्ण आणि नातेवाईक ओपीडीत, वॉर्डात आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. गोळी आणि डोस मात्र तुमचे डॉक्टर तुमचा स्कॅन बघूनच ठरवतील. आणि समोर कुणाला फिट येत असेल तर हे सगळं वाचत बसू नका, थेट प्रश्न ५ बघा.

१. 'मेंदूत किडा आहे' असं सांगितलं. म्हणजे जिवंत किडा मेंदू खातोय का?

नाही. टीनिया सोलियम नावाचा एक पट्टकृमी आहे. मोठा झालेला पट्टकृमी फक्त माणसाच्या आतड्यात राहतो. त्याची लांबी २ ते ७ मीटर असू शकते आणि त्याची अंडी माणसाच्या शौचावाटे बाहेर पडतात. ती अंडी डुकराच्या पोटात गेली की त्याच्या मांसात छोट्या गाठी होतात. पण तीच अंडी माणसाच्या पोटात गेली, तर त्यातली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि स्नायू, डोळा किंवा मेंदूत जाऊन थांबते.

मेंदूत ती पाण्याने भरलेल्या लहानशा पिशवीत राहते. तिथे ती मेंदू कुरतडत नाही, अंडी घालत नाही, तिचा मोठा कृमीही होत नाही. कित्येकदा ती वर्षानुवर्षं गप्प असते आणि माणसाला काहीही जाणवत नाही. ती मरायला लागते तेव्हा शरीराची प्रतिकारशक्ती तिच्यावर तुटून पडते, आजूबाजूला सूज येते आणि त्या सुजेमुळे फिट येते. त्रास मुख्यतः सुजेचा आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. पुढचे उपचाराचे बहुतेक निर्णय याच एका गोष्टीवर उभे आहेत.

२. आम्ही माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. मग हे आमच्याकडे कसं आलं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि त्यामागे बरीच लाज आणि घरातल्या घरात संशय असतो. 'बाहेर गुपचूप काहीतरी खाल्लं असेल' असं सासूने सुनेला किंवा वडिलांनी मुलाला ऐकवलेलं आम्ही वॉर्डात ऐकतो. कृपया तसं करू नका. त्यात शास्त्रीय तथ्य नाही.

डुकराचं कच्चं-अर्धकच्चं मांस खाल्ल्याने पोटात पट्टकृमी होतो. मेंदूतली गाठ मात्र मांसामुळे थेट होत नाही. ती होते अंडी पोटात गेल्यामुळे, आणि अंडी येतात पट्टकृमी बाळगणाऱ्या माणसाच्या शौचातून. अशा माणसाने शौचानंतर हात नीट न धुता कोशिंबीर चिरली, चटणी वाटली किंवा सांडपाण्यावर पिकलेली पालेभाजी कच्ची खाल्ली गेली, तर मांसाला कधी शिवलेलं नसलेल्या माणसाच्या मेंदूतही गाठ होऊ शकते. पट्टकृमीच्या एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत.

याचं गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. डुकराचं मांस धर्मानेच वर्ज्य असलेल्या तिथल्या सनातनी ज्यू कुटुंबांत हा आजार सापडला. त्याचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. संसर्गाचा माग घरात काम करणाऱ्या, या आजाराचं प्रमाण जास्त असलेल्या देशांतून आलेल्या व्यक्तींपर्यंत पोचला. त्यांनाही आपल्या पोटात पट्टकृमी आहे याची कल्पना नव्हती, कारण त्याचा सहसा काही त्रासच होत नाही. यात दोष कुणाचाच नसतो. घरच्यांची तपासणी कधी करायची, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

३. कोबीतला किडा मेंदूत जातो म्हणतात. कोबी बंद करायची का?

कोबीत दिसणारी हिरवी अळी पतंगाची किंवा फुलपाखराची असते. ती खाल्ली गेली तरी मेंदूत जात नाही. धोका असेल तर तो पानांवर चिकटलेल्या, न दिसणाऱ्या अंड्यांचा. तो कोबीइतकाच पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर अशा जमिनीलगतच्या आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कुठल्याही भाजीत असू शकतो. आपल्याकडे रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकवलेल्या पालेभाज्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. एपीएमसीतून किंवा दारावरून घेतलेली जुडी कुठल्या पाण्यावर वाढली, हे आपल्याला कळत नाही.

म्हणून कोबीची बाहेरची पानं काढून टाका, पान न् पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, गाजर-मुळ्याची सालं काढा. शिजवलेल्या भाजीत अंडी टिकत नाहीत, त्यामुळे कोबीची भाजी खुशाल खा. कच्च्या कोबीची कोशिंबीर किंवा गाडीवरचा चिरून ठेवलेला कोबी-कांदा मात्र मी स्वतः टाळायला सांगेन. पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा चांगल्या फिल्टरचं असावं. हात साबण-पाण्याने धुवावेत. या अंड्यांच्या बाबतीत सॅनिटायझरवर विसंबू नये.

४. याची लक्षणं नेमकी कोणती? फक्त फिटच येते का?

वॉर्डात दाखल होणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचं पहिलं लक्षण फिट हेच असतं. पण प्रत्येक फिट सिनेमात दाखवतात तशी अंग झाडणारी नसते. एका हाताला किंवा चेहऱ्याच्या एका बाजूला मिनिटभर झटके येतात आणि माणूस पूर्ण शुद्धीत असतो. कुणाला हातात मुंग्या चढत जातात. कुणी काही सेकंद शून्यात बघत राहतो, ओठ चावल्यासारखे करतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही. कुणाच्या डोळ्यांसमोर रंगीत ठिपके चमकतात. पुढे हेच झटके अंगभर पसरू शकतात. झटक्यानंतर काही तास तो हात किंवा पाय लुळा वाटतो. त्याला घरचे लकवा समजतात, पण तो बहुतेकदा भरून येतो.

गाठ कुठे आहे, किती आहेत आणि सूज किती, यावर लक्षणं ठरतात. मेंदूच्या पृष्ठभागाजवळ एकच लहान गाठ असेल तर फिट सोडून बाकी माणूस ठणठणीत असतो. भारतात हाच प्रकार सर्वाधिक दिसतो, विशेषतः मुलांत आणि तरुणांत. मेंदूतल्या पाण्याच्या वाटेत गाठ अडकली तर सतत वाढणारी डोकेदुखी, पहाटेच्या उलट्या, धूसर दिसणं, चालताना तोल जाणं असा त्रास होतो (प्रश्न १४). मेंदूच्या आवरणाभोवती घोसासारख्या गाठी झाल्या तर रक्तवाहिन्यांना सूज येऊन पक्षाघातही होऊ शकतो. शेकड्याने गाठी असतील तर वागणं बदलणं, विसरभोळेपणा, गुंगी अशी लक्षणं दिसतात. डोळ्यात अळी गेली तर नजर कमी होते. कातडीखाली न दुखणाऱ्या लहान गाठी हाताला लागल्या, तर तेही डॉक्टरांना सांगा. निदानाला त्याची मोठी मदत होते.

या आजारात जोरदार ताप सहसा नसतो. ताप असेल तर विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. त्यासाठी प्रश्न २० पाहा.

५. समोर कुणाला फिट आली तर काय करायचं? कांदा हुंगवायचा का?

कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा किंवा बोट तर मुळीच नको. दात तुटतात, बोट तुटतं, जीव गुदमरतो. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, गळ्याजवळचं बटण सैल करा, आसपासच्या कठीण वस्तू दूर करा. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. पूर्ण शुद्ध आल्याशिवाय पाणी पाजू नका.

झटका ५ मिनिटांपेक्षा जास्त चालला, शुद्ध न येता दुसरा झटका आला, डोक्याला मार लागला किंवा बाई गरोदर असेल तर १०८ ला फोन करा. लोकलमध्ये असाल तर १३९ वर कळवा आणि पुढच्या स्थानकावर उतरवा. कुणीतरी मोबाइलवर झटक्याचा व्हिडिओ घेतला तर फार उपयोग होतो. डॉक्टरांना तो दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगून जातो.

६. रिपोर्टमध्ये 'रिंग एन्हान्सिंग लिजन' आहे. ही कृमीची गाठ, टीबीची गाठ की कॅन्सर?

भीतीपोटी सगळ्यांत जास्त पैसे इथे खर्च होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कॉन्ट्रास्टचं औषध दिल्यावर कडेने उजळणारी गोल गाठ एवढाच त्या शब्दांचा अर्थ. ती कशाची आहे, हे त्यात सांगितलेलं नसतं.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी या एकट्या गाठीचा अनेक वर्षं अभ्यास करून काही निकष घालून दिले. ते आजही वापरले जातात. गाठ एकच, २० मिलिमीटरपेक्षा लहान, सूज मेंदूला एका बाजूला ढकलण्याइतकी नाही, रुग्णाला फिट आहे पण हातापायाची वाढत जाणारी कमजोरी नाही, डोक्यातला दाब वाढल्याची चिन्हं नाहीत आणि शरीरात दुसरीकडे आजार नाही, असं चित्र असेल तर ती बहुधा कृमीचीच असते. गाठीच्या आत अळीचं डोकं, म्हणजे स्कोलेक्सचा ठिपका दिसला तर निदान जवळजवळ पक्कं होतं. एमआरआयवर तो सीटीपेक्षा जास्त चांगला दिसतो.

टीबीची गाठ बहुतेकदा मोठी, वेडीवाकडी, एकमेकींना चिकटलेली असते आणि भोवती जास्त सूज असते. सोबत बारीक ताप, वजन घटणं, घरात टीबीचा रुग्ण, छातीच्या एक्स-रेवर डाग असा काही धागा सापडू शकतो. एमआर स्पेक्ट्रोस्कोपी ही त्याच एमआरआय मशीनवर होणारी तपासणी अशा वेळी मदतीला येते. तरीही काही रुग्णांत पहिल्या दिवशी खात्रीने सांगता येत नाही. मग फिटचं औषध चालू ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करणं हाच शहाणपणाचा मार्ग असतो. कृमीची गाठ लहान होत जाते, टीबीची किंवा कॅन्सरची उपचाराविना तशी होत नाही. 'थांबून पुन्हा बघू' म्हणणारा डॉक्टर टाळाटाळ करत नसतो. लहान गाठीसाठी पुरावा नसताना महिनोन् महिने टीबीची औषधं घेणं किंवा लगेच कवटी उघडून तुकडा काढणं, हे दोन्ही टाळायला हवं.

७. रक्ताच्या किंवा शौचाच्या तपासणीत कळत नाही का?

रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी अनेक गाठी असतील तर उपयोगी पडते. गाठ एकच असेल किंवा गाठ कॅल्शियम साठून कडक झाली असेल तर ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते. त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टवरून 'हा आजार नाहीच' असं म्हणता येत नाही. शौचाची तपासणी पोटातल्या मोठ्या पट्टकृमीसाठी असते, मेंदूतल्या गाठीसाठी नाही. खरा आधार स्कॅनचा.

८. 'व्हेसिक्युलर', 'कलॉइडल', 'ग्रॅन्युलर', 'कॅल्सिफाइड' या शब्दांचा अर्थ काय?

एकाच गाठीच्या आयुष्याच्या या चार पायऱ्या आहेत. व्हेसिक्युलर म्हणजे अळी जिवंत, पिशवीतलं पाणी स्वच्छ, भोवती सूज जवळपास नाही. कलॉइडल म्हणजे अळी मरू लागली, पाणी गढूळ झालं, सूज जोरात. ग्रॅन्युलर नॉड्युलर म्हणजे पिशवी आक्रसून छोटी गाठ उरली. कॅल्सिफाइड म्हणजे अळी मेली आणि तिथे कॅल्शियमचा कडक ठिपका राहिला. काही गाठी तो ठिपकाही न ठेवता पूर्ण नाहीशा होतात. फिट घेऊन येणाऱ्यांच्या गाठी बहुधा मधल्या दोन अवस्थांत असतात. एकाच मेंदूत चारही अवस्थांच्या गाठी एकत्र सापडू शकतात.

९. जंताची गोळी मेडिकलवर सहज मिळते. आम्हीच सुरू केली तर?

नका करू. हे वाक्य या पानावर सगळ्यांत ठळक लिहावं असं वाटतं. अल्बेंडाझोल साधं औषध आहे, पण मेंदूत गाठ असताना ते अळीला मारतं आणि अळी मेली की सूज वाढते (प्रश्न १). सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचं कवच न देता हे औषध सुरू केलं तर झटक्यांची मालिका सुरू होऊ शकते. गाठी खूप असतील तर जीवावरही बेतू शकतं.

डॉक्टर देतात तेव्हा क्रम ठरलेला असतो. आधी फिट आटोक्यात आणायची. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा, कारण डोळ्यात अळी असेल आणि ती औषधाने मेली तर नजर जाऊ शकते. स्टेरॉइड आधी किंवा सोबत सुरू करायचं. त्याआधी टीबी आणि मधुमेह तपासायचा, कारण स्टेरॉइडमुळे दोन्ही उसळतात. मग अल्बेंडाझोल. नेहमीचं प्रमाण दर किलो वजनामागे दिवसाला १५ मिलिग्रॅम, दोन वेळा विभागून, एक-दोन गाठी असतील तर साधारण १० ते १४ दिवस. दोनपेक्षा जास्त जिवंत गाठी असतील तर प्राझिक्वांटेल हे जंताचं दुसरं औषध जोडलं जातं. अल्बेंडाझोल पोटभर, थोड्या तुपा-तेलाच्या जेवणानंतर घ्यावं, म्हणजे ते नीट शोषलं जातं. उपचार लांबले तर मधून मधून यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी करावी लागते. फिनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारख्या फिटच्या गोळ्यांमुळे या औषधांची रक्तातली पातळी कमी होते, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा.

१०. आमच्या पेशंटला जंताचं औषध दिलंच नाही. डॉक्टर विसरले का?

बहुधा विसरलेले नसतात. काही वेळा ते मुद्दाम दिलं जात नाही. सगळ्या गाठी कॅल्सिफाइड असतील तर मारायला काही उरलेलंच नाही. मेंदूत पाणी भरून दाब वाढला असेल तर आधी तो दाब उतरवावा लागतो. आणि शेकडो गाठींमुळे सगळा मेंदूच सुजलेला असेल, तर जंताचं औषध देणं घातक ठरतं. या प्रकाराला सिस्टिसरकल एन्सेफलायटिस म्हणतात आणि तो मुलांत व तरुण मुलींत जास्त दिसतो. तिथे फक्त स्टेरॉइड आणि सूज उतरवणारे उपचार चालतात. 'किडा आत जिवंत ठेवलाय' म्हणून नातेवाईक अस्वस्थ होतात, ते समजतं. पण जंत मारणं ही या आजारातली तातडीची गोष्ट नसते. झटका आणि दाब यांचा बंदोबस्त तातडीचा असतो.

११. औषध सुरू झालं आणि डोकं जास्तच दुखायला लागलं. औषध चुकलं का?

पहिल्या आठवड्यात असं होऊ शकतं. अळी मरत असल्याची ती खूण असते. मनाने औषध बंद करू नका, आणि अंगावरही काढू नका. त्याच दिवशी कळवा, स्टेरॉइडचं प्रमाण वाढवून बहुतेकांना आराम पडतो. उलट्या, गुंगी किंवा नवा झटका असेल तर फोनवर न थांबता कॅज्युअल्टीत या. स्टेरॉइड एकदम तोडायचं नसतं, डॉक्टर ते टप्प्याटप्प्याने कमी करतात.

१२. फिटची गोळी जन्मभर घ्यावी लागेल का?

बहुतेकांना नाही. गाठ एकच असेल, पुढच्या स्कॅनमध्ये ती पूर्ण गेली असेल आणि सुमारे ६ महिने एकही झटका नसेल, तर डॉक्टर गोळी हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. अनेक गाठी असतील, कॅल्शियमचा ठिपका उरला असेल किंवा झटके वारंवार आले असतील, तर गोळी जास्त काळ, बऱ्याचदा दोन वर्षं किंवा त्याहून अधिक घ्यावी लागते. गाठ जाईपर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी स्कॅन होतो.

'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी सोडणारे आणि गावाला जाताना पाकीट घरी विसरणारे हेच पुन्हा दाखल होणाऱ्यांत दिसतात. गणपतीला किंवा शिमग्याला कोकणात निघताना चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या सामानात नको. जागरण आणि दारू या दोन्हींनी झटका उसळतो. एकादशीचा उपवास असला तरी गोळी चुकवू नका.

१३. गाठ कॅल्सिफाय झाली, म्हणजे मेली. तरी फिट का येते?

अळी मेली तरी त्या ठिपक्याभोवती मेंदूला व्रण राहतो. शिवाय ठिपक्यातून अधूनमधून अळीचे अंश उघडे पडतात आणि भोवती नव्याने सूज येते, असं एमआरआयवर दिसतं. उपाय फिटच्या गोळीचाच. जंताचं औषध पुन्हा घेऊन काही साध्य होत नाही.

१४. ऑपरेशन कधी लागतं?

मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत, विशेषतः चौथ्या पोकळीत, गाठ अडकून पाण्याची वाट बंद झाली तर. असा रुग्ण मान एका विशिष्ट बाजूला वळवताच प्रचंड डोकं दुखून, उलटी होऊन कोसळू शकतो. हे लक्षण सांगायला कधीही संकोच करू नका. अशी गाठ शक्यतो दुर्बिणीतून काढतात, पाणी उतरवायला कधी शंट, म्हणजे बारीक नळी, बसवावी लागते. मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या नेहमीच्या गाठींना ऑपरेशन क्वचितच लागतं.

१५. हा आजार रुग्णाकडून पसरतो का? घरच्यांची आणि कामवाल्या ताईंची तपासणी करायची का?

मेंदूतल्या गाठीतून कुणालाही काही लागत नाही. शेजारी झोपा, एका ताटात जेवा, बाळाला दूध पाजा. पसरतो तो पोटातला पट्टकृमी असलेल्या माणसाकडून, आणि कधी तो माणूस रुग्ण स्वतःच असतो. म्हणून रुग्णाची आणि एकत्र राहणाऱ्यांची, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्यांची, शौच तपासणी करणं योग्य. शौचात सपाट, पांढरे, फितीसारखे तुकडे दिसतात का, हे प्रत्येकाला विचारा. पट्टकृमी सापडला तर उपचार सोपा आहे. पण तोही डॉक्टरांकडूनच, कारण त्याच माणसाच्या मेंदूत न कळलेली गाठ असू शकते.

घरी काम करणाऱ्या ताईंना तपासणीला सांगाल तर आपल्या खर्चाने आणि घरच्यांसोबतच सांगा. त्यांना कामावरून काढणं अन्यायाचं आहे आणि त्याने आजार जातही नाही.

१६. शाळेत जंताची गोळी दिली आणि मुलाला फिट आली. गोळीमुळे झालं का?

राष्ट्रीय जंतनाशक दिनाला १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची एक मात्रा देतात. कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे आणि तो लाखो मुलांच्या भल्याचा आहे. मात्र एखाद्या मुलाच्या मेंदूत आधीपासून न कळलेली गाठ असेल तर गोळीनंतर सूज येऊन डोकेदुखी किंवा झटका येण्याची शक्यता असते. असं क्वचितच घडतं. तेव्हा गोळीला दोष देऊन थांबू नका, स्कॅन करा. ज्या मुलाला आधीच फिट येते किंवा ज्याच्या मेंदूत गाठ सापडली आहे, त्याच्याबद्दल शिक्षकांना आधी सांगा आणि न्यूरॉलॉजिस्टला विचारून मगच गोळी द्या.

१७. गरोदरपणात निदान झालं तर?

फिटची गोळी चालूच ठेवायची, कारण झटका आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याचा. जंताचं औषध मात्र बहुतेकदा बाळंतपणानंतर देता येतं. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध बाळासाठी घातक ठरू शकतं, त्यामुळे ते चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घ्या. बोलणं होईपर्यंत स्वतःहून बंद करू नका. फॉलिक ॲसिडबद्दल विचारा.

१८. गाडी चालवता येईल का? नोकरीचं काय?

झटके पूर्ण थांबून डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुचाकी-चारचाकी चालवू नका. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकच्या बाजूने जाताना आलेला दहा सेकंदांचा झटका तुमच्यासह दुसऱ्याचाही जीव घेईल. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये अपस्माराबद्दल, म्हणजे फिटच्या आजाराबद्दल, थेट प्रश्न असतो. तिथे खरं लिहा. लोकलच्या दारात उभं राहणं, एकट्याने पोहणं, उंचावर किंवा चालत्या मशीनवर काम करणं हेही तोपर्यंत टाळा. एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी घेऊन काम बदलून मागावं. टेबलावरचं काम, शिक्षण, घरकाम यांना आडकाठी नाही.

१९. मुलीच्या लग्नात अडचण येईल का?

हा आजार आनुवंशिक नाही. तो मुलांकडे जात नाही. कायद्यातही अपस्मार हा विवाहाला अडथळा नाही. पूर्वी तसा उल्लेख होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला गेला. तरी लपवू नये असंच मी सांगेन, कारण लपवलं की नव्या घरात गोळी लपून घ्यावी लागते आणि चुकते. समोरच्या कुटुंबाला सोबत घेऊन या, ओपीडीत बसून आम्ही समजावतो.

२०. पावसाळ्यात ताप आला, नंतर फिट आली आणि बेशुद्ध झाला. हाही मेंदूतला किडाच का?

असं गृहीत धरून वेळ घालवू नका. ताप आणि बेशुद्धी म्हणजे त्याच तासाला हॉस्पिटल. आपल्या भागात पहिला संशय मेंदूज्वराचा आणि मेंदूवर गेलेल्या मलेरियाचा. नवी मुंबईत, घोडबंदर रोडला इतकी बांधकामं चालू असतात. साचलेल्या स्वच्छ पाण्यात आणि उघड्या टाक्यांत मलेरियाचा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी डास वाढतो. फाल्सिपेरम या मलेरियाच्या गंभीर प्रकारात काही तासांत गुंगी, झटके, साखर घसरणं असं होत जातं. रक्ताची तपासणी लगेच होते आणि आर्टेसुनेटची शिरेतली इंजेक्शनं जीव वाचवतात.

एचआयव्ही असलेल्या आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णाच्या स्कॅनमध्ये कडेने उजळणाऱ्या अनेक गाठी (प्रश्न ६) दिसल्या तर टोक्सोप्लाझ्मा या वेगळ्या परजीवीचा विचार आधी होतो. त्याचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. म्हणून एचआयव्हीची माहिती डॉक्टरांपासून लपवू नका, ती गुप्त ठेवली जाते. केरळमधल्या 'मेंदू खाणाऱ्या अमीबा'च्या बातम्यांवरूनही विचारणा होते. तो अमीबा गोड्या पाण्यातून नाकावाटे शिरतो, पाणी पिऊन नाही, आणि त्याचा आजार काही दिवसांत झपाट्याने वाढतो. तळ्यात पोहून आल्यावर ताप आणि तीव्र डोकेदुखी झाली, तर पोहल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

२१. खर्च झेपत नाही. कुठे जायचं?

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचं जिल्हा रुग्णालय आणि नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरूळ, ऐरोलीची रुग्णालयं इथे सुरुवात करता येते. मोठी गुंतागुंत असेल तर केईएम, सायन, जे. जे. किंवा नायरला पाठवलं जातं. दाखल करावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. अल्बेंडाझोल आणि फिटच्या बहुतेक गोळ्या फार महाग नसतात. पैसे जातात ते स्कॅनमध्ये, म्हणून एकाच आठवड्यात दोन ठिकाणी एमआरआय करून घेऊ नका.

२२. आम्ही कधीच गाव सोडून इथे आलो. संसर्ग इथला की तिथला?

बहुतेकदा सांगता येत नाही. भारतातून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ४५० रुग्णांचा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यात संसर्ग झाल्यापासून पहिला झटका येईपर्यंत बऱ्याच जणांच्या बाबतीत काही वर्षं गेलेली दिसली, काहींच्या बाबतीत तर त्याहून खूप जास्त. त्यामुळे गेल्या महिन्यातल्या पाणीपुरीला किंवा लग्नाच्या पंगतीला दोष देण्यात अर्थ नाही.

२३. एकदा बरं झाल्यावर पुन्हा होऊ शकतो का?

होऊ शकतो. एकदा झाल्याने कायमचं संरक्षण मिळत नाही. पण काही वर्षांनी झटका आला म्हणजे नवा संसर्गच झाला, असंही नाही. जुन्या ठिपक्याभोवतीची सूज (प्रश्न १३) किंवा सोडलेली गोळी (प्रश्न १२) ही कारणं जास्त वेळा सापडतात. फरक कळतो तो जुना आणि नवा स्कॅन शेजारी ठेवल्यावर. म्हणून एमआरआयची फिल्म, सीडी आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, त्यांचे फोटो मोबाइलमध्येही ठेवा आणि झटका आल्यास हे सगळं घेऊनच कॅज्युअल्टीत या.